आयसोलेट ‘मेलेलं’ नसतं आणि फुल स्पेक्ट्रम ‘अख्खं झाड’ नसतं

सध्या एक मजकूर या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरतोय. त्याचा गोषवारा असा: हेम्पचं सीबीडी घ्यायचं तर फुल स्पेक्ट्रमच घ्या. त्यात अख्खं झाड उतरलेलं असतं. सगळे घटक मिळून काम करतात, हे विज्ञानानं सिद्ध झालंय. आयसोलेट म्हणजे प्रयोगशाळेतली मेलेली पावडर, उपयोग शून्य. टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत, म्हणजे नसल्यात जमा. नैसर्गिक आहे, त्यामुळे साइड इफेक्ट नाहीत. बाटलीवर ‘फुल स्पेक्ट्रम’ लिहिलंय ना, तेवढं बघा.

यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे. बाकीच्यांची तेवढीही ऐपत नाही.

आधी नावं स्पष्ट करू. हेम्प हे गांजाच्याच जातीचं, पण नशा आणणारं टीएचसी अगदी कमी असलेलं झाड. सीबीडी हे त्यातलंच, पण नशा न आणणारं द्रव्य. झाडाच्या फुलोऱ्यातून काढलेल्या अर्कात सीबीडीबरोबर सीबीजी, सीबीसी असे त्याचे भाईबंद, वास देणारी टर्पीनं आणि थोडं टीएचसी राहू दिलं की ते फुल स्पेक्ट्रम. त्यातून टीएचसी वेगळं काढलं की ब्रॉड स्पेक्ट्रम. सगळंच बाजूला करून फक्त सीबीडी ठेवलं की आयसोलेट, म्हणजे ९९ टक्क्यांच्या आसपास शुद्ध, पांढरी, बिनवासाची भुकटी. ही नावं बाटलीत साधारण काय आहे ते सांगतात. माल चांगला की वाईट, हे त्यावरून कळत नाही.

‘अख्खं झाड’ हे तर ऐकायलाच छान. ताज्या झाडात सीबीडी मुख्यतः आम्लाच्या रूपात, सीबीडीए म्हणून असतं. ते तापवलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि सीबीडी उरतं. म्हणजे बाटलीतला मुख्य घटकच झाडात त्या रूपात फारसा नसतो. पुढे इथेनॉलनं किंवा प्रचंड दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडनं अर्क ओढतात. तो अल्कोहोलमध्ये विरघळवून कडक थंडीत ठेवतात, मेण साकळून खाली बसतं आणि ते गाळून टाकतात. बऱ्याचदा हरितद्रव्यही काढून टाकतात. ऊर्ध्वपातन झालं तर आधीच उडून जाणारी टर्पीनं आणखी कमी होतात. काही उत्पादक ती नंतर वरून घालतात. शेवटी हे सगळं दुसऱ्या तेलात पातळ करतात. इतक्या हातांतून गेलेल्या वस्तूला ‘अख्खं झाड’ म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग आयसोलेटच्या नावानं ‘प्रयोगशाळा, प्रयोगशाळा’ म्हणून ओरडू नका. कारखाना दोन्हीकडे आहे, आयसोलेटला दोन पायऱ्या जास्त इतकंच. शिवाय किती भाईबंद किती प्रमाणात असले म्हणजे ‘फुल’, याची सर्वमान्य व्याख्याच नाही.

आता ‘मेलेली पावडर’. सीबीडीचा माणसांवरचा सगळ्यात भक्कम पुरावा नेमका या शुद्ध रूपाचा आहे. एपिडिओलेक्स हे औषध म्हणजे झाडातूनच काढलेलं शुद्ध सीबीडी. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेनं, त्याला जून २०१८ मध्ये मान्यता दिली, तीही अपस्माराच्या दोन दुर्मिळ आणि हट्टी प्रकारांसाठी. त्यातल्या ड्रावे सिंड्रोमवरची चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात १२० मुलं आणि तरुण होते. वजनाच्या दर किलोमागे रोज २० मिलिग्रॅम सीबीडी घेणाऱ्यांमध्ये महिन्याला येणाऱ्या झटक्यांची मध्यक संख्या १२.४ वरून ५.९ वर आली. ज्यांना बिनऔषधाचं द्रावण दिलं होतं, त्यांची १४.९ वरून १४.१. उपयोग शून्य असलेल्या भुकटीनं हे केलं. दुकानी फुल स्पेक्ट्रम तेलाच्या पाठीशी या तोडीची चाचणी नाही. हा डोस बघा आणि मग चार थेंबांत किती येतं ते बघा, म्हणजे ‘अपस्मारावर सिद्ध झालंय’ असं सांगून तेल खपवणाऱ्यांचाही हिशेब होईल.

अर्धं खरं वाक्य आहे ते ‘सगळे घटक मिळून काम करतात’ हे. या कल्पनेला ‘एन्टुराज इफेक्ट’ म्हणतात. ती १९९८ च्या एका शोधनिबंधातून आली. तो झाडाच्या अर्काबद्दल नव्हता, तर शरीरात आपोआप तयार होणाऱ्या द्रव्यांबद्दल होता. स्वतः निष्क्रिय असलेली काही द्रव्यं शेजारच्या सक्रिय द्रव्याचा परिणाम वाढवतात, असं त्यात दिसलं. कल्पना झाडाला चिकटली ती नंतर.

फुल स्पेक्ट्रमचे समर्थक २०१५ चा इस्रायली प्रयोग पुढे करतात. त्यात शुद्ध सीबीडीचा सूज उतरवण्याचा गुण ठरावीक डोसला दिसला आणि डोस वाढवल्यावर ओसरला. सीबीडीबहुल अर्काचा मात्र डोसबरोबर वाढत गेला. प्रयोग चांगला आहे, पण तो उंदरांच्या सुजलेल्या पंजांवर झालाय. उलट बाजूला, २०१९ मध्ये पेशींवर झालेल्या एका प्रयोगात नेहमीच्या टर्पीनांनी टीएचसीच्या ग्राहींवरच्या (पेशींवरच्या ज्या जागी ते चिकटतं त्यांवरच्या) कामात काहीच फरक पाडला नाही. पुढे २०२४ मध्ये माणसांवरच्या एका छोट्या अभ्यासात लिमोनीन या टर्पीनामुळे टीएचसीनं येणारी घालमेल कमी झाल्याचं दिसलं. म्हणजे घटक एकमेकांवर परिणाम करू शकतात. पण तिथेही प्रश्न टीएचसीचा होता, सीबीडीचा नाही. याला ‘सिद्ध झालंय’ म्हणणं म्हणजे साखरपुड्यालाच संसार म्हणणं.

‘०.३ टक्के म्हणजे नसल्यात जमा’ हे वाक्य मला सगळ्यात खटकतं, कारण ते भाबड्या माणसाची नोकरी घालवू शकतं. हा आकडा नशेच्या अभ्यासातून आलेलाच नाही. १९७६ मध्ये अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉन्क्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी झाडांचं वर्गीकरण करायला एक रेघ ओढली, ती ही. पुढे तीच कायद्यांत गेली. अमेरिकेच्या २०१८ च्या कृषी कायद्यातही हेम्पसाठी वाळलेल्या वजनाच्या ०.३ टक्के हीच मर्यादा होती.

आता तेलाचा हिशेब करा. ३० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण २८ ग्रॅम तेल असतं. त्याचे ०.३ टक्के म्हणजे ८४ मिलिग्रॅम टीएचसी, मिलिलिटरमागे २.८. नॅबिक्सिमॉल्स नावाचा औषधी फवारा आहे, त्याच्या एका फवाऱ्यात २.७ मिलिग्रॅम टीएचसी असतं आणि ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. सगळ्या बाटल्या या मर्यादेपर्यंत भरलेल्या नसतात, हे खरं. पण टीएचसी चरबीत साठतं, आणि लघवीच्या नेहमीच्या चाचणीत सीबीडी नाही, टीएचसीचंच विघटित रूप शोधतात, मिलिलिटरमागे ५० नॅनोग्रॅमपासून. एका छोट्या अभ्यासात १४ जणांनी चार आठवडे फुल स्पेक्ट्रम अर्क घेतला आणि त्यातले जवळपास निम्मे या चाचणीत सापडले. ज्यांच्या कामावर अशी चाचणी होते, त्यांनी या मजकुराच्या नादी लागू नये.

‘नैसर्गिक, म्हणून साइड इफेक्ट नाहीत’ यावर फार शाई खर्च करण्यात अर्थ नाही. सीबीडीनं झोप येते, जुलाब होतात, मोठ्या डोसला यकृताची एन्झाइम्स वाढतात. अपस्मारावरचं क्लोबाझाम, रक्त पातळ करणारं वॉरफेरिन अशा औषधांचं रक्तातलं प्रमाण त्यानं वर जाऊ शकतं. अर्क असो वा भुकटी, हे काम सीबीडीच करतं.

राहिलं ‘बाटलीवरचं नाव बघा’. अमेरिकेत २०१७ मध्ये ऑनलाइन विकत घेतलेली ८४ उत्पादनं तपासली, तेव्हा लेबलवरचं सीबीडी फक्त ३१ टक्के बाटल्यांत बरोबर निघालं, आणि १८ उत्पादनांत टीएचसी सापडलं. लेबलपेक्षा त्या बॅचचा स्वतंत्र प्रयोगशाळेतला अहवाल बघा. बॅच नंबर बाटलीवरच्या नंबराशी जुळतो का, विद्रावक, जड धातू आणि कीटकनाशकं तपासलीत का (हेम्प जमिनीतले धातू चांगलेच शोषतं), हे आधी. मग टीएचसीच्या ओळीवर या. ब्रॉड स्पेक्ट्रमच्या अहवालात तिथे बहुधा ‘आढळलं नाही’ असं असतं. त्याच्या शेजारच्या रकान्यात मोजणीची किमान मर्यादा दिलेली असते. ती ०.१ टक्का असेल, तर ३० मिलिलिटरच्या बाटलीत २८ मिलिग्रॅमच्या जवळपास टीएचसी असूनही तिथे ‘आढळलं नाही’ असंच छापून येतं.