अण्णांचे पस्तीस जीबी

आमचा कट्टा चिपळुणातील एका बंद भातगिरणीच्या पायरीवर भरतो आणि तिच्या भिंतीवर २२ जुलै २०२१ च्या महापुराच्या पाण्याची रेषा अजूनही दिसते. मे महिना सरत आला होता आणि घरोघरी शाकारणी व आगोटीची खरेदी चालू होती. कट्ट्यावर मात्र हार्ड डिस्कचा विषय निघाला होता. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज टेनचे दाणापाणी, म्हणजे कंपनीकडून मिळणारी नेहमीची अपडेट, बंद झाल्यापासून कोणाचा संगणक भंगारात गेला आणि कोणाचा माळ्यावर, हे आम्हां सर्वांना ठाऊक आहे. त्या उलथापालथीत प्रत्येकाच्या घरी एखादी चांगली वाटणारी डिस्क उरली होती आणि तिचे करायचे काय, हा प्रश्न होता.

अण्णांपुरता तो प्रश्न सुटला होता. त्यांनी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यातून एक वस्तू बाहेर काढली आणि देवाचा टाक ताम्हनात ठेवावा तशी ती पायरीवर ठेवली. त्यांच्या जुन्या लॅपटॉपमधील अडीच इंची डिस्क त्यांनी काहीशे रुपयांच्या केसिंगमध्ये, म्हणजे यूएसबीने जोडायच्या डबीत, बसवली होती, तिच्यावर घरातील सर्व फोटो, सातबारे आणि नातवाच्या बारशाचे चित्रीकरण उतरवले होते आणि उतरवून झाल्यावर ते सर्व संगणकावरून पुसून टाकले होते.

"बॅकअप झाला," अण्णा म्हणाले. "एकही पैसा वाया न घालवता."

नंदू संगणक दुरुस्त करतो. तो कमी बोलतो आणि बोलला की अण्णांना राग येतो. "अण्णा, याला बॅकअप म्हणत नाहीत," तो म्हणाला. "सामान एका घरातून दुसऱ्या घरात हलवले, तेही अधिक जुन्या घरात, एवढेच तुम्ही केले आहे. मूळ ठिकाणी एक आणि इथे दुसरी, अशा दोन प्रती असतील तर त्यांतल्या दुसरीला बॅकअप म्हणायचे."

अण्णांचे यावरचे उत्तर ठरलेले असते. जुन्या वस्तू टिकाऊ होत्या आणि आजच्या वस्तू टाकाऊ आहेत, या सिद्धान्तावर त्यांनी आजवर तीन पंखे, एक पाण्याचा पंप आणि शेजाऱ्यांशी असलेले संबंध गमावले आहेत. त्यांनी तोच सिद्धान्त पुन्हा मांडला, आणि तो ऐकताना मास्तरांनी आपल्या पिशवीतून स्वतःची डिस्क काढली. ती टॉवरमधली, साडेतीन इंची आणि चांगलीच वजनदार होती. अण्णांचे पाहून मास्तरांनीही तसलेच केसिंग मागवले होते आणि आता परात ताटलीत बसवावी तसा त्यांचा खटाटोप चालला होता. ती डिस्क त्यात बसणारच नाही आणि बसली तरी फिरणार नाही, हे नंदूने त्यांना समजावले. लॅपटॉपच्या डिस्कला पाच व्होल्ट पुरतात आणि ते यूएसबीच्या तारेतूनच मिळतात. टॉवरच्या डिस्कला त्याशिवाय बारा व्होल्टही लागतात, म्हणून तिला वेगळे केसिंग आणि भिंतीत खोचायचा स्वतंत्र अडॅप्टर हवा. मास्तरांनी निमूटपणे डिस्क पिशवीत ठेवली.

सुहास पुण्याहून आंबे खायला आला होता. दरवर्षी येतो, आणि येताना चाकरमान्याच्या सामानाबरोबर एखादे नवे मत घेऊन येतो. या वर्षीचे मत असे होते की डिस्क ही वस्तूच कालबाह्य झाली असून शहाण्या माणसाने सर्व काही क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीत, ठेवावे. हे सांगताना दाखवण्यासाठी म्हणून त्याने स्वतःच्या लग्नाचे फोटो मोबाइलवर उघडायला घेतले, आणि पडद्यावर जे चक्र फिरू लागले ते नंदूचा चहा पिऊन होईपर्यंत फिरत राहिले. नंदू एवढेच म्हणाला की क्लाउड वाईट नाही, पण फुकट मिळणाऱ्या पंधरा जीबीत अण्णांच्या नातवाचे बारसेसुद्धा मावायचे नाही, आणि ज्या दिवशी आपल्याला त्याची सर्वांत जास्त गरज होती त्या दिवशी या गावात मोबाइलची रेंज नव्हती.

त्यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही. मास्तरांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो त्याच दिवशी गेले. छायाचित्रकाराने काळजी घेतली नव्हती असे म्हणता येणार नाही. संगणकावर एक प्रत होती आणि सुट्या डिस्कवर दुसरी. पण संगणक तळमजल्यावर होता आणि ती डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या खणात. पाणी ओसरल्यावर खण उघडला तेव्हा त्यात वीतभर चिखल होता आणि डिस्कची कड तेवढी वर दिसत होती, असे मास्तर सांगतात. (हे ते दर पावसाळ्याआधी सांगतात आणि आम्ही ते दर वेळी ऐकून घेतो.) तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी, हा जो नियम संगणकवाले सांगतात तो पीटर क्रोग नावाच्या एका छायाचित्रकारानेच रूढ केला, ही माहिती नंदूने त्या वेळी मास्तरांना दिली होती आणि मास्तरांनी त्याबद्दल त्याला अजून क्षमा केलेली नाही.

"दुसरी जागा म्हणजे मुंबई-पुणेच असायला हवे असे नाही," नंदू म्हणाला. "चिपळुणात दुसरी जागा म्हणजे दुसरा मजला."

माझ्या मते विषय इथे संपायला हरकत नव्हती, पण अण्णांना आपल्या डिस्कचा अपमान सहन होईना. तिची तब्येत ठणठणीत आहे, हवे तर तपासून पाहा, असे त्यांनी आव्हान दिले. नंदूचा लॅपटॉप त्याच्या पिशवीत नेहमी असतोच. डिस्क जोडली, निळा दिवा लागला आणि आतून बारीक घरघर ऐकू येऊ लागली. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद स्वतः ठेवत असते आणि ती नोंद क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये वाचता येते. प्रकृती चांगली असेल तर तिथे निळा रंग दिसतो, शंका असेल तर पिवळा आणि बिघाड असेल तर लाल. अण्णांच्या डिस्कला पिवळा आला.

"ही एकवीस हजार तास चालली आहे," नंदू म्हणाला. "म्हणजे साडेआठशेहून जास्त दिवस, रात्रंदिवस. त्याचे काही नाही. याहून जास्त चाललेल्या डिस्कही नीट असतात. पण हे खालचे आकडे पाहा. डिस्कवरच्या साठवणीच्या जागा कौलांसारख्या समजा. तुमच्या छपराची काही कौले फुटली, ती तुम्ही पडवीत ठेवलेल्या जादा कौलांतून बदललीत, हा झाला पहिला आकडा. आणि काही कौले अशी आहेत की ती गळतात हे कळले आहे, पण अजून बदललेली नाहीत. तो दुसरा आकडा. तुमचा दुसरा आकडा आठ आहे आणि पाऊस दहा दिवसांवर आला आहे."

हे अण्णांना कळले, कारण त्यांची शाकारणी मजूर न मिळाल्यामुळे खरोखरच रखडली होती. तरीही त्यांनी माघार घेतली नाही. डिस्कची आपण किती निगा राखतो हे दाखवण्यासाठी त्यांनी केसिंगचे झाकण सरकवले. डिस्कवर त्यांनी सुवाच्य अक्षरांत स्वतःचे नाव आणि पत्ता लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती. नंदूने मोबाइलचा प्रकाश जवळ नेला, चिठ्ठीची एक कड नखाने उचलली आणि खालचे टाचणीच्या डोक्याएवढे छिद्र आम्हांला दाखवले. डिस्कच्या आत हवा असते, बाहेरच्या आणि आतल्या हवेचा दाब सारखा राहावा म्हणून गाळणी लावलेले हे छिद्र ठेवलेले असते, आणि ते झाकू नये असे त्याच्या शेजारीच इंग्रजीत छापलेले असते.

"गेली कित्येक वर्षे हिचे नाक तुमच्या पत्त्याने बंद आहे," नंदू म्हणाला.

मग अण्णांनी ठेवणीतले अस्त्र काढले. २०१३ मध्ये ही डिस्क नंदूच्याच दुकानातून घेतली होती, पाचशे जीबी म्हणून पैसे मोजले होते आणि पहिल्या दिवसापासून ती चारशे पासष्टच दाखवते, तेव्हा उरलेले पस्तीस जीबी कोणी खाल्ले, याचा जाब त्यांना हवा होता. हा वाद आम्ही दर वर्षी ऐकतो. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज एक हजार चोवीसच्या पटीत, बाइट तेवढेच असतात, मोजण्याचे माप तेवढे वेगळे असते, हे नंदूने दर वर्षीप्रमाणे सांगितले.

"म्हणजे फणस देताना आठळ्यांसकट वजन करायचे आणि घेणाऱ्याने घरी जाऊन नुसते गरे मोजायचे," अण्णा म्हणाले. दाखला चुकीचा होता, पण तो ऐकून सुहाससुद्धा हसला, आणि नंदूला त्या दिवशी प्रथमच उत्तर सुचले नाही.

शेवटी असे ठरले की ही डिस्क पूर्ण आडवी होण्यापूर्वी तिच्यावरचे काढून घ्यावे. नंदूच्या पिशवीत दुसरी एक जुनी डिस्क होती. तिचेही वय झाले होते, पण तिच्या नोंदीत निळा रंग होता. संपूर्ण फॉरमॅट करून तिचा कोपरा न् कोपरा त्याने आधीच तपासून घेतला होता. अशी डिस्क दुसरी किंवा तिसरी प्रत ठेवायला खुशाल वापरावी, तिच्यावर एकटीवर भार टाकू नये आणि वर्षातून दोनदा जोडून फाइली उघडून पाहाव्यात, एवढेच त्याचे म्हणणे होते. आजारी डिस्क मध्येच दम सोडू शकते, म्हणून सर्वांत मोलाचे काय आहे ते आधी सांगा, असे त्याने अण्णांना विचारले.

"'महत्त्वाचे' नावाचा फोल्डर," अण्णा क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले.

आम्हां सर्वांना बारशाची अपेक्षा होती. नंदूने फोल्डर उघडला. आत एकच फाइल होती, आणि ती होती नंदूच्या दुकानाच्या २०१३ च्या पावतीचे स्कॅन. 'पाचशे जीबी' या शब्दांखाली लाल शाईने दोन रेघा मारलेल्या होत्या. मास्तर इतके हसले की त्यांची पिशवी पायरीवरून घसरली आणि आतल्या जड डिस्कचा दणका सर्वांनी ऐकला. अण्णांनी तिकडे पाहिलेही नाही. त्यांनी पावती पूर्ण उतरल्याची खात्री करून घेतली आणि नंदूला बजावले की हिची तिसरी प्रत त्याच्या दुकानातल्या संगणकावर ठेवायची, दुसऱ्या मजल्यावरच्या.