गॉडझिला : आशय २०२३ सालीच आला का?

पुण्यातील चित्रपटप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे, की गॉडझिला या महाकाय प्राण्याची चित्रपटमालिका ही अमेरिकी राक्षसपटांची जपानी नक्कल आहे, सत्तर वर्षे तिने इमारती पाडण्यापलीकडे काही केले नाही आणि २०२३च्या ‘गॉडझिला मायनस वन’नेच तिला प्रथम आशय दिला.

नक्कल हा आरोप अर्धाच खरा आहे. अणुस्फोटाने जागा झालेला प्राणी शहरावर चालून येतो, ही कल्पना १९५३च्या एका अमेरिकी चित्रपटात होतीच. पण १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने पॅसिफिकमधील बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली, तिची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी नौकेवरील २३ जणांवर पडली, त्यांपैकी एक जण सप्टेंबरात दगावला आणि ३ नोव्हेंबरला दिग्दर्शक इशिरो होंडा यांचा पहिला ‘गोजिरा’ (गॉडझिलाचे मूळ जपानी नाव) जपानमध्ये झळकला. त्यात आगगाडीतली एक तरुणी त्राग्याने बोलून जाते, की नागासाकीतून कसाबसा जीव वाचला आणि आता हे नवे संकट. पुढे टोकियो जळत असताना एक आई मुलांना कुशीत घेऊन सांगते, की आता आपण बाबांकडेच जाणार आहोत. उसन्या कल्पनेतून असे प्रसंग येत नाहीत. १९५६च्या अमेरिकी आवृत्तीत एका अमेरिकी पत्रकाराचे पात्र घुसडण्यात आले आणि नागासाकीचा तो उल्लेख गाळला गेला; जपानबाहेर कित्येक वर्षे हीच कापलेली आवृत्ती पाहिली गेली, हे या गैरसमजाचे एक कारण असावे.

साठच्या दशकात मालिका बालिश होत गेली, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही १९६२च्या किंग काँगबरोबरच्या लढतीत दूरचित्रवाणीवरील जाहिरातीसाठी राक्षस पकडून आणू पाहणाऱ्या औषध कंपनीची यथेच्छ टिंगल आहे. १९७१ साली तर गॉडझिलासमोर हेडोरा उभा राहिला. कारखान्यांच्या घाणीवर पोसलेला आणि धुरांड्यांचा धूर ओढून माजणारा. मुठेवरच्या पुलावरून नाक दाबून जाणाऱ्या पुणेकराला तरी त्याचा अर्थ उलगडून सांगायला नको.

उरला २०२३च्या चित्रपटाचा मान. दृश्य-परिणामांचे ऑस्कर त्याला न्याय्यच मिळाले. मात्र त्यात सरकार हात वर करते आणि नागरिकच लढायला उभे राहतात, ती सरकारबद्दलची अढी २०१६च्या ‘शिन गॉडझिला’त आधीच मांडलेली आहे. फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेनंतरच्या त्या चित्रपटात प्राणी किनाऱ्यावर येऊन पोहोचतो, तरी मंत्री आणि अधिकारी एका बैठकीतून उठून दुसऱ्या बैठकीला जात असतात, आणि मला तो आजही या मालिकेतील सर्वांत बोचरा भाग वाटतो.

आशय हरवल्याची तक्रार करायचीच असेल, तर ती २०१४च्या अमेरिकी चित्रपटाविषयी करावी. तिथे पॅसिफिकमधील अणुचाचण्या म्हणजे या प्राण्याला मारण्याचे प्रयत्न होते, असे दाखवले आहे. म्हणजे होंडांच्या चित्रपटात बॉम्बचा बळी असलेला प्राणीच येथे बॉम्बचे समर्थन होऊन बसला.