चोरांच्या वाट्याला आलेले वाचक

पुस्तक सुचवणाऱ्या माणसाची अवस्था कर्जाच्या जामीनदारासारखी असते. कागदावर सही दुसऱ्याची, वापर दुसऱ्याचा, आणि हप्ता थकला की फोन मात्र याला. आमच्या डोंबिवलीतल्या वाचनकट्ट्यावर या खेपेला ती पाळी माझ्यावर आली, कारण मी स्कॉट लिंच या अमेरिकन लेखकाची ‘द लाइज ऑफ लॉक लमोरा’ ही कादंबरी सुचवली होती. २००६ साली आलेले लिंचचे हे पहिलेच पुस्तक, पुढच्या वर्षी वर्ल्ड फँटसी पुरस्काराच्या अंतिम यादीत पोहोचलेले, सुमारे पाचशे पानांचे आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चोरांनी भरलेले. मला ते मनापासून आवडले होते, आणि आवडलेली गोष्ट चारचौघांत सांगितल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही.

ज्यांनी ते वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. कॅमॉर हे कालव्यांचे आणि बेटांचे, व्हेनिसच्या वळणावर गेलेले कल्पित शहर आहे. तिथले मोठे बुरूज माणसांनी बांधलेले नाहीत; केव्हाच नाहीशा झालेल्या कुठल्याशा प्राचीन जमातीने मागे ठेवलेल्या काचेचे ते आहेत, आणि दिवस मावळला की ही काच थोडा वेळ आपोआप उजळते. या शहरात आंधळ्याचे सोंग घेऊन देवळाच्या दारात भिक्षा मागणारा चेन्स नावाचा एक पुजारी अनाथ पोरे विकत घेतो आणि त्यांना भाषा, हिशेब, जेवणाच्या टेबलावरचे शिष्टाचार आणि उत्तम स्वयंपाक शिकवून चोर बनवतो. शहरातल्या गुन्हेगारांच्या म्होरक्याने सत्तेशी गुपचूप तह केलेला असतो की उमरावांना आणि शिपायांना हात लावायचा नाही, बाकीची प्रजा मोकळी. लॉक लमोरा आणि त्याचे सोबती नेमके उमरावांनाच लुटतात, आणि तेही हत्यार न उपसता, केवळ जिभेच्या आणि वेषांतराच्या जोरावर.

पहिला फोन आमच्या बँकवाल्या काकांचा आला. काका एका सहकारी बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाले आहेत. कादंबरीत एक झकास प्रसंग आहे: लॉक जवळजवळ कफल्लक झालेला असतो, त्याला एक भारी पोशाख तातडीने हवा असतो, म्हणून तो शहरातल्या सर्वांत बड्या पेढीत शिरतो, आधी तिथल्या एका वाढप्याचे कपडे मिळवतो आणि मग त्या वेषात थेट पेढीच्या मालकापुढे उभा राहून, अशी काही थाप मारतो की मालक स्वतःच्या अंगावरचे कपडे उतरवून त्याला देतो. मी हा प्रसंग वाचून एकटाच हसलो होतो. काका हसले नव्हते. “अहो, एवढी मोठी पेढी,” ते म्हणाले, “आणि मालक अनोळखी माणसाला अंगावरचा कोट देतो, तर कुठे एक सही नाही, साधी पोच नाही?” मी म्हटले, काका, तो चोर आहे. “तो त्याचं काम चोख करतोय, त्याच्याबद्दल माझी तक्रारच नाही. मी पेढीबद्दल बोलतोय.”

मग त्यांनी मुख्य डावाची तपासणी सुरू केली. लॉक परदेशी व्यापाऱ्याच्या वेषात साल्व्हारा या तरुण उमरावाकडे जातो. आमच्या देशात यादवी पेटायच्या बेतात आहे, आमची दुर्मीळ ब्रँडी इकडे सुखरूप हलवायची आहे, तेव्हा तुम्ही भांडवल घाला, असे तो सांगतो आणि एक बाटली चाखवून हजारो मुद्रा उकळू लागतो. काकांच्या मते साल्व्हाराने गोदाम पाहिले नाही, मालाचा विमा विचारला नाही, तारण घेतले नाही, तेव्हा त्याचे पैसे बुडाले यात नवल काय? पण याच डावाला एक दुसरा मजला आहे. रात्री हाच लॉक सरकारी गुप्त पोलिसाच्या वेषात साल्व्हाराच्या घरात अवतरतो आणि त्याला सांगतो की तुम्हाला एक भामटा लुटतो आहे, आम्ही त्याच्या मागावर आहोत, म्हणून त्याला संशय येऊ देऊ नका, तो मागेल तितके पैसे देत राहा आणि याची वाच्यता कोणापाशी करू नका. इथे काका फोनवर बराच वेळ गप्प राहिले. “हे मात्र अगदी खरं आहे,” ते शेवटी म्हणाले. “हल्ली फोन येतात ना, आम्ही पोलीस बोलतोय, तुमच्या खात्यातून गैरव्यवहार झालाय, पैसे या खात्यात वळवा आणि घरातसुद्धा कोणाला सांगू नका. शिकलेसवरलेले लोक कॅमेऱ्यासमोर बसून राहतात हो दिवसच्या दिवस.” डिजिटल अरेस्टची ही युक्ती एका फँटसीत इतक्या आधी भेटावी, याचा काकांना संतापही आला आणि थोडा आनंदही झाला. त्या दिवसापासून ते साल्व्हाराचा उल्लेख “आपले ते खातेदार” असा करतात.

समोरच्या घरातल्या वहिनींनी कादंबरी वाचली नाही, ऐकली. पोळ्या लाटताना हात पिठाचे असतात, म्हणून फोन ओट्यावर उभा करून त्यांनी ऑडिओबुक लावले होते. लिंचचे चोर बोलतात ते चोरांसारखेच, आणि दर दोन वाक्यांमागे त्यांच्या तोंडून जे शब्द पडतात ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. वहिनींच्या सासूबाईंना इंग्रजी येत नाही. त्या बाहेरच्या खोलीत जपमाळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी तिथूनच विचारले, “अगं, तो माणूस मघापासून एवढा कोणावर चिडलाय?” वहिनींनी बातम्या लागल्या आहेत असे सांगितले आणि सासूबाईंचा त्यावर तत्काळ विश्वास बसला. बैठकीत मात्र वहिनींनी मला सुनावले, “भावजी, त्यांनी चोरी करावी, माझं काही म्हणणं नाही. पण जरा तोंड सांभाळून करावी.”

कादंबरीची मांडणी हा तर स्वतंत्र तंट्याचा विषय ठरला. आजच्या कथेत कोणाच्या तरी गळ्याला सुरा लागतो आणि लिंच तेवढ्यात प्रकरण तोडून वाचकाला लॉकच्या लहानपणात नेऊन सोडतो, जिथे चेन्स पोरांना शिस्तीचे धडे देत असतो. मला ही अडवणूक आवडते. सुरा तिकडे लागलेलाच राहतो आणि इकडचे साधे संभाषणही माणूस धाकधुकीने वाचतो. कट्ट्यावरच्या एका गृहस्थांना ती सहन झाली नाही. ते अभियंता आहेत. त्यांनी बालपणाची सगळी प्रकरणे निवडून आधी सलग वाचून काढली आणि बाकीची कथा नंतर वाचायला ठेवली. परिणामी पहिले काही दिवस ते सर्वांना सांगत सुटले की हे बालसंगोपनावरचे अतिशय सुरेख पुस्तक आहे. त्यांनी ते आपल्या धाकट्या बहिणीलाही भेट दिले. तिला सातवीतला मुलगा आहे.

संस्कृतच्या बाई मात्र पुस्तकावर बेहद्द खूश झाल्या, आणि त्यांची खुशी सांभाळणे इतरांच्या रागापेक्षा कठीण गेले. कॅमॉरमध्ये बारा अधिकृत देव आहेत आणि तेरावा, ज्याचे नाव घेत नाहीत असा, चोरांचा देव आहे. हे वाचताच बाईंना शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकातला चोर शर्विलक आठवला. तो घरफोडीला लागण्याआधी कार्तिकेयाला वंदन करतो, भिंतीला कोणत्या आकाराचे भोक पाडावे याचा शास्त्रोक्त विचार करतो, कमळ, सूर्य, अर्धचंद्र, स्वस्तिक असे पर्याय मनात चाळतो आणि अखेर भाजक्या विटांना पूर्णकुंभ शोभेल असे ठरवतो. मोजायला दोरी आणायची राहिली म्हणून जानवेच वापरतो. आणि सकाळी घराचा मालक चारुदत्त ते भगदाड पाहून आधी त्याच्या देखणेपणाचे कौतुक करतो. बाईंनी हे सगळे श्लोकांसह सांगितले. “तुमचा लॉक हुशार आहे,” त्या म्हणाल्या, “पण त्याच्या कामात नक्षी नाही.” मी जरा लिंचची बाजू घेऊन म्हणालो की लॉकची नक्षी थापेत आहे, भिंतीत नाही. यावर बाईंनी मला संपूर्ण तिसरा अंक घरी वाचून येण्यास सांगितले.

महाविद्यालयात जाणाऱ्या आमच्या सर्वांत तरुण सभासद मुलीचा राग वेगळाच होता. लॉकचे जिच्यावर प्रेम आहे ती सबेथा या कादंबरीत नुसती नावाने वावरते, प्रत्यक्ष एकदाही येत नाही. “काका, पाचशे पानं तो तिच्या नावानं उसासे टाकतो आणि ती आहे कुठे?” मी सांगितले की ती तिसऱ्या भागात येते. तिने लगेच फोनवर पाहिले. तिसरा भाग २०१३ सालचा निघाला. “म्हणजे वाचकांनी सात वर्षं वाट पाहिली?” तिचा स्वर असा होता की ती सात वर्षे मीच लावली असावीत. चौथ्या भागाची वाट वाचक अजून पाहत आहेत, हे मी तिला त्या दिवशी सांगितले नाही.

इतके होऊनही चोरी हा मुळात वाईट धंदा आहे असे एकानेही म्हटले नाही. करबुडव्या शेजाऱ्यावर तुटून पडणारी ही माणसे, पण उमराव लुटला जाताना सगळ्यांनी पाने उलटण्याचा वेग वाढवला होता. आमच्या सौभाग्यवतींनी तर उलट दिशेने आक्षेप घेतला. लॉकची टोळी लुटलेला पैसा देवळाखालच्या तळघरात नुसता साठवून ठेवते. त्याचे काय करायचे हे कोणालाच ठाऊक नसते. “एवढ्या वर्षांत एक बरं घर घ्यायला काय झालं होतं?” असे तिने विचारले. पुढे कथेच्या मध्यावर जे घडते ते मी सांगणार नाही, पण ते घडल्यावर तिने पुस्तक मिटून उशाशी ठेवले आणि काही दिवस ती माझ्याशी तुटकपणे वागली. आमटीत मीठ कमी आहे म्हणालो तर, “तुम्हाला माहीत होतं ना पुढे काय होणार ते?” असे उत्तर आले.

मला स्वतःला खटकतो तो कथेतला जादूगार. बाकी सगळे युक्तीवर चाललेले असताना, ज्याच्या सामर्थ्याला जवळजवळ सीमाच नाही असा माणूस लेखक मैदानात उतरवतो आणि काही काळ डाव एकतर्फी होतो. हे मी बैठकीत मांडणारच होतो. पण त्याआधी कोणीतरी घोड्यांच्या मूत्राने भरलेल्या पिंपाचा प्रसंग काढला. कादंबरीत तो फार महत्त्वाचा आहे आणि लिंचने तो वासासकट लिहिला आहे. मी नेमके त्या दिवशी पाहुण्यांसाठी पन्हे केले होते, चांगले पिवळेधमक, वेलदोडा घातलेले. वहिनींनी आपल्या पेल्याकडे पाहिले, पेला हळूच टीपॉयवर ठेवला आणि मग सर्वांनीच आपापले पेले ठेवले. माझा जादूगार तिथेच राहिला.

निघताना काका दारात घुटमळले. दुसऱ्या भागात नऊ मजली जुगारघर लुटण्याचा बेत आहे असे त्यांना कळले होते आणि तिजोरीची व्यवस्था कशी आहे हे त्यांना पाहायचे होते. “त्यातही ते मधलं मागचं-पुढचं आहे का हो?” त्यांनी विचारले. “ते गाळून वाचलं तर चालेल?” मी म्हटले, काका, पूर्वतयारी सगळी त्यातच सांगितलेली असते. काकांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “पूर्वतयारी असेल तर मग वाचतो. कागदपत्रं आधी बघितलेली बरी.”