रोज दहा भारी शब्द कशाला?

दोन-तीन मिनिटांत इंग्रजीचा एखादा मुद्दा शिकवणारे धडे मला मनापासून आवडतात. दिवसभर राबून आलेल्या माणसाला व्याकरणाचं जाडजूड पुस्तक उघडवत नाही, पण असा धडा तो नक्की ऐकतो.

माझा राग आहे तो 'रोज दहा भारी शब्द शिका' या प्रकारावर. ज्याला अजून 'गेट', 'टेक', 'पुट' धड वापरता येत नाहीत, त्याच्या माथी 'युबिक्विटस' मारून काय मिळतं? इंग्रजीचे शिक्षक मायकेल वेस्ट यांची नेहमीच्या इंग्रजी शब्दांची यादी १९५३ साली आली. त्यात जेमतेम २,००० शब्द होते, आणि साध्या मजकुरातला बहुतेक भाग तेवढ्यावर समजतो. आधी हे शब्द पक्के करा की!

आणि तेही एकेकटे नकोत, सोबतीसकट हवेत. आपण अभ्यास करतो, चूक करतो, फोनही करतो. सगळीकडे 'करणे'च. म्हणून 'डू अ मिस्टेक' सहज तोंडातून जातं. इंग्रजीत होमवर्क 'डू' करतात, पण मिस्टेक 'मेक' आणि फोन कॉलही 'मेक'. बास, झाला एक धडा.

व्याकरणाचंही तेच. 'आय हॅव मेट हिम येस्टरडे' हे वाक्य किती जणांच्या तोंडी असतं! सांगायचं एवढंच: येस्टरडे, लास्ट इयर असा सरलेला काळ वाक्यात आला की 'हॅव' काढायचा, 'आय मेट हिम येस्टरडे'. कधी भेटलो हे सांगायचं नसेल तर 'आय हॅव मेट हिम' अगदी बरोबर. इथे थांबावं. पण शिकवणाऱ्याला राहवत नाही, तो त्याच दमात 'आय हॅड मेट'वालं पास्ट परफेक्टही उरकतो आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात सगळी खिचडी होते.

'अ' आणि 'द' मात्र दोन मिनिटांत कुणी शिकवायला जाऊ नये. ते भरपूर वाचूनच अंगवळणी पडतं.

शिकलेलं किती झपाट्याने विसरतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच मोजून दाखवलं होतं. तरीही आपल्याकडे आजचा धडा उद्या कुणी पुन्हा काढत नाही. धडे तयार करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: सोमवारचा 'मेक अ मिस्टेक' गुरुवारी नव्या वाक्यात आणा, पंधरा दिवसांनी पुन्हा आणा, आणि तेव्हा उत्तर सांगायच्या आधी ऐकणाऱ्याला स्वतः वाक्य करू द्या.