क्यूवरची लाल रेघ

पूलमध्ये, म्हणजे टेबलावर काठीनं बॉल ठोकून पॉकेटात घालायच्या खेळात, नेम कसा धरावा हे सोलापुरात मला सगळ्यांनी सांगून झालंय. सात रस्त्याजवळच्या पूल पार्लरमध्ये चहा आणणाऱ्या पोरानंसुद्धा. "मामा, बॉलकडं बघू नका, बॉल जिथं लागायचाय तिथं बघा," असं कप ठेवता ठेवता बोलून तो निघून गेला. तत्त्वज्ञान म्हणून ठीक आहे. मला फक्त सहा नंबरचा बॉल कोपऱ्यातल्या पॉकेटात घालायचा होता.

सगळे शहाणे शेवटी भुताच्या बॉलवर येऊन थांबतात. पॉकेटच्या बरोबर उलट बाजूला, पॉकेटात घालायच्या बॉलला चिकटून एक अदृश्य बॉल आहे असं समजायचं आणि काठीनं ठोकायचा पांढरा बॉल नेऊन त्याच्या जागी बसवायचा. बॉल 57 मिलिमीटरचा, म्हणजे भुताचा मध्य खऱ्या बॉलच्या मध्यापासून 57 मिलिमीटर मागे. हिशेब चोख. भूत तेवढं मला दिसत नाही. भाच्याला दिसतं. दहावीला भूमितीत त्याला किती मार्क होते ते मला माहीत आहे, तरी दिसतं!

त्यानंच क्यूला, म्हणजे खेळायच्या काठीला, लावायचा लेसर मागवला, अर्थात माझ्या पैशानं. क्यूच्या पुढच्या भागावर चिमट्यानं बसणारी डबी. बटण दाबलं की पांढऱ्या बॉलच्या माथ्यावरून पार टेबलाच्या पलीकडच्या कडेपर्यंत, म्हणजे कुशनपर्यंत, लाल रेघ. "आता डोळे मिटूनपण बॉल जातोय बघा, मामा."

रेघ आली आणि माझी खरी अब्रू चव्हाट्यावर आली. वाकून श्वास घेतला, रेघ डावीकडं. सोडला, उजवीकडं. श्वास रोखून धरला, तर कुशनवर रेघेचं टोक बारीक बारीक उडायला लागलं. ते माझं काळीज होतं. क्यू एका अंशानं हलला की दोन मीटरवर साडेतीन सेंटीमीटरचा फरक पडतो, आणि इथं तर सगळा देहच हलत होता. शेजारच्या टेबलावरची पोरं खेळ सोडून बघायला आली. "ओ मामा, ईसीजी काढालाय का काय?"

रेघ कशीबशी थांबली, तर ठोका मारताना कोपर बाहेर गेलं. क्यूचं तोंड आत्ता कुठं आहे एवढंच रेघ सांगते. हात मागं जाऊन पुढं येईस्तोवर त्याच्या मनात काय येईल, याची जबाबदारी ती घेत नाही. शिवाय कट शॉटला, म्हणजे बॉल तिरका घालायचा असेल तेव्हा, रेघ ठेवायची कुठं, हे आपणच ठरवायचं. मला एकच पाठ आहे: रेघ समोरच्या बॉलच्या कडेवर ठेवली की तो साधारण 30 अंशांत सुटतो. पण 30 अंश माझ्या नशिबात नाहीत, ना टेबलावर, ना मे महिन्यातल्या दुपारी.

रोगाचं निदान केलं अण्णांनी. पार्लर त्यांचं, पण उमर गेली चादरीच्या मागावर, त्यामुळं एक धागा तिरका गेला तरी त्यांना लांबून कळतं. त्यांनी मला हात ताणायला लावले, दोन्ही पंज्यांमध्ये रुपयाएवढी फट ठेवून त्यातून भिंतीवरचा बल्ब बघायला लावला. "उजवा मिटा. दिसतोय? आता डावा मिटा." डावा मिटला आणि बल्ब गायब.

"तुमचा बघायचा डोळा डावा हाय ओ. उजवा नुसता सोबतीला हाय. अन् काठी धरालाय सोबत्याच्या खाली."

यावर भाच्यानं माहिती पुरवली की 15 वेळा स्नूकरचा विश्वविजेता झालेला जो डेव्हिस उजव्या डोळ्यानं नीट दिसत नसल्यामुळं क्यू डाव्या डोळ्याखाली धरायचा. तेवढ्यात मी मनातल्या मनात त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो होतो. अण्णांनी हनुवटीला धरून दोन बोटं सरकवल्यावर भानावर आलो. आता क्यू वाकडा दिसायला लागला, पण बॉल सरळ जायला लागले. सरळ शॉटचे तरी. मग अण्णांनी क्यूच्या पाठीवर काळ्या टेपची बारीक पट्टी ओढून चिकटवली. ती श्वास घेतल्यावर चुगली करत नाही.

लेसर स्पर्धेत चालत नाही म्हणतात. मला स्पर्धेला बोलवालंय कोण? पण भाच्यानं तेच कारण सांगून तो परस्पर अण्णांना विकला. आता तो गल्ल्याशेजारी लटकलेला असतो आणि नवी पोरं तासावर भाड्यानं नेतात. परवा कटसाठी मीच मागितला, तर अण्णा वहीतून मान वर न करता म्हणाले, "डिपॉझिट ठेवा."