दोन तास अकरा मिनिटं

मी अकाउंटंट आहे, हे मी समारंभात शक्यतो सांगत नाही. डॉक्टरला लोक सल्ला विचारताना निदान जीभ तरी बाहेर काढून दाखवतात. मला कोणी काहीच दाखवत नाही. पगार सांगत नाहीत, कर्ज सांगत नाहीत, 'थोडे पैसे असेच पडलेत' एवढंच हळूच पुटपुटतात आणि विचारतात, "कुठे टाकू?"

माझं उत्तर गेली कित्येक वर्षं बदललेलं नाही. "क्रेडिट कार्डाची बाकी आहे का?"

"आहे थोडीशी."

"मग तिथेच टाका."

समोरच्याचा चेहरा असा पडतो, की मीच त्याचा खिसा कापला. त्याला गुप्त गोष्ट हवी असते. मी त्याला भागाकार देतो. ७२ला व्याजाच्या दराने भागा, रक्कम साधारण किती काळात दुप्पट होते ते कळतं. कार्डाचं व्याज महिना ३ टक्के असेल तर २४ महिने. यात मला काहीच मिळत नाही, म्हणूनच बहुधा सल्ल्याला वजन नसतं. तो गृहस्थ तिथून उठतो आणि ज्याला चक्रवाढ आणि चक्रीवादळ यांतला फरक ठाऊक नाही, अशा कोणाकडे तरी जाऊन बसतो. तो त्याला गुप्त गोष्ट सांगतो. वर्षभराने दोघंही माझ्याकडे येतात, तोटा कुठल्या रकान्यात लिहायचा ते विचारायला.

कामाबद्दलही माझी मतं अशीच. 'कामावर प्रेम करा' असं म्हणणाऱ्यांनी वर्षअखेरीला माझ्या शेजारी रात्री साडेअकराला बसावं. बेरजेत ९चा फरक येत असेल तर कोणीतरी दोन आकडे उलटसुलट लिहिलेत, हे कळायला प्रेम लागत नाही. ५४चे ४५ कुठे झालेत ते शोधायला डोळे लागतात, आणि डोळे त्या वेळी मिटत असतात. आमचे साहेब म्हणतात, "आपण सगळे एक कुटुंब आहोत." असेलही. पण माझ्या कुटुंबात वर्षातून एकदा मला खोलीत बोलावून पाचपैकी तीन गुण देत नाहीत. मनात देत असतील, ते वेगळं.

कार्यालयीन जीवनाचं सर्वांत खरं चित्र मला एका व्हिडिओ गेममध्ये दिसलं. 'डेझर्ट बस' त्याचं नाव. १९९०च्या दशकात तयार झाला, पण तेव्हा बाजारात आलाच नाही. त्यात अमेरिकेतल्या टूसॉन शहरातून लास व्हेगासला बस न्यायची. अंतर आठ तासांचं, आणि आठ तास म्हणजे खरे आठ तास. वेग ताशी ४५ मैलांच्या वर जात नाही. रस्ता सरळ, भोवती वाळवंट. बटण दाबून ठेवून डुलकी काढावी म्हटलं तर तेही नाही, कारण बस सतत किंचित उजवीकडे ओढते. रस्ता सोडलात, तर गाडी टोचन लावून पुन्हा टूसॉनला नेतात, तेही तितकाच खरा वेळ घेऊन. आणि सुखरूप पोहोचलात तर मिळतो एक गुण. एकच. मग परतीच्या आठ तासांना निघायचं. लोक याला विनोद म्हणतात. मी तो वाचला तेव्हा हसलो नाही, गुपचूप माझी मागची पगारवाढ आठवली.

होय, मी गेम खेळतो. या वयात. माझ्या तोंडून हे ऐकलं की लोकांना वाटतं माझा घटस्फोट झालाय. उलट, मला गेम आवडतात ते त्यातल्या हिशेबाच्या चोखपणासाठी. राक्षस मारला की त्याच क्षणी गुण जमा. 'पुढच्या तिमाहीत बघू' असं कुठलाही राक्षस म्हणत नाही.

म्हणत नव्हता, असं म्हणायला हवं. कारण हल्ली गेमवाल्यांनी आमच्याच धंद्यातली माणसं नेमलेली दिसतात. २००६ साली 'ऑब्लिव्हियन' या खेळासाठी घोड्याचं चिलखत वेगळं विकायला काढलं, अडीच डॉलरला. घोडा खोटा, चिलखत खोटं, खरे काय ते अडीच डॉलर. तेव्हा लोक भडकले होते. आता भडकायलाही सवड नाही, कारण रोजची हजेरी लावायची असते. मी मोबाइलवर खेळत होतो त्या एका खेळात हजेरी होती, रोजची कामं होती, आठवड्याचं उद्दिष्ट होतं. एका नोकरीतून सुटून मी दुसऱ्या नोकरीवर रुजू होत होतो, आणि तिथे पगार मीच देत होतो.

त्यातली रत्नांची पद्धत मात्र मी टोपी काढून मान्य केली. रत्नं म्हणजे त्या खेळातले पैसे. ती खरे पैसे मोजून ५००च्या पुडक्यात मिळायची आणि तलवार ५५० रत्नांची. म्हणजे पुडकी दोन घ्या. उरली ४५०. आता ४५० रत्नं अशीच पडू द्यायची का? पुढची ढाल ६००ची. मी आयुष्यभर हिशेब लिहिले, पण शिल्लक कधीच शून्यावर येणार नाही असा ताळेबंद मला कधी सुचला नाही.

हे सगळं मी माझ्या भाच्याला ऐकवत होतो. वय पंधरा. त्याला गेम खेळायचं नवं यंत्र, म्हणजे कन्सोल, हवा होता आणि मी त्याला गरज, इच्छा आणि घसारा यांवर तासभर व्याख्यान दिलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि माझा लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

"मामा, तुझ्याकडे २१४ गेम आहेत."

"जुने आहेत रे."

"यातले १३१ तू एकदाही उघडलेले नाहीस."

"ते सवलतीत घेतलेत. ८० टक्के सवलत होती."

"म्हणजे २० टक्के खर्च. तूच म्हणालास ना मघाशी?"

इतक्या वर्षांत इतकी कोरडी तपासणी माझी कोणी केली नव्हती. आतून बायकोच्या हसण्याचा आवाज आला. ती दार लोटून ऐकत असणार.

मी म्हटलं, निदान शेवटचा तरी परत करू. मी गेम घेतो त्या स्टीम या ऑनलाइन दुकानाचा नियम सोपा आहे: घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर पैसे परत. घेऊन चारच दिवस झाले होते. भाच्याने खेळलेला वेळ बघितला. दोन तास अकरा मिनिटं.

"एवढा वेळ काय केलंस? पहिलं गावसुद्धा पार केलेलं नाहीस."

आता त्याला काय सांगणार? पहिला तास नायकाचं नाक बनवण्यात गेला. तिथे नाकाचा आकार बदलायला पडद्यावर सरकवायच्या अकरा पट्ट्या होत्या, आणि हातात आलेली पट्टी मी तशीच सोडत नाही. नंतर ड्रॅगन मारायला निघालो, तर वाटेत पोतडी दिसली. तिच्यात चौदा वस्तू कशाही कोंबलेल्या होत्या. त्या मी आधी वजनाप्रमाणे लावल्या, मग किमतीच्या उतरत्या क्रमाने. ड्रॅगनचं अजून दर्शन नाही. पण पोतडीची बेरीज दोनदा करून पाहिली, जुळते.