सेव्हन-सीटरचा हट्ट आणि ६ लाखांचं बजेट

आमच्याकडे सध्या गाडी बघणं चालू आहे. बजेट ६ लाख, त्यातच ट्रान्सफर, इन्शुरन्स आणि लागले तर टायर. सेकंडहँडच घ्यायची यावर घरात एकमत आहे. पुढे दोन पार्ट्या. हे आणि भाऊजी एकीकडे: स्कॉर्पिओ, नाहीतर एक्सयूव्ही ५००. दुसरीकडे मी एकटी: पाच सीटची छोटी पेट्रोल गाडी. इथे लिहितेय कारण घरात हा विषय काढला की कुणाला तरी चहाची तलफ येते.

स्कॉर्पिओचं वेड मला कळत नाही असं नाही. आपल्या नाशिकच्या सातपूरची गाडी, २००२ पासून रस्त्यावर आहे. पार्ट कुठेही मिळतो, कुठलाही फिटर हात घालतो. वणीच्या गडावर जायचं, गावाकडची लग्नं, सापुतारा, सगळे एकाच गाडीत. पण हे वर्षातून किती वेळा होतं? बाकी रोज सिडको ते अंबड, पोरांची शाळा, क्लास, आणि द्वारकाच्या सिग्नलला धूर खात उभं राहणं. गाडी रोजच्यासाठी घ्यावी आणि गडासाठी इनोव्हा भाड्याने करावी. ड्रायव्हर मिळतो, यांना घाटात मागे वळून भांडणं सोडवावी लागत नाहीत.

आणि ती मागची सीट. जुन्या स्कॉर्पिओ-बोलेरोत मागे समोरासमोर आडव्या सीटा असतात. तिथे कोण बसतं? पोरं. पट्टा बहुतेक गाड्यांत नाहीच, पाठीमागे फक्त दरवाजा. ज्यांना सगळ्यात जपायचं त्यांनाच आपण तिथे कोंबतो आणि वर म्हणतो, मोठी गाडी, सेफ आहे. २०१६ साली गाड्यांची टक्कर चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ आपटून बघितली, शून्य स्टार मिळाले. २०१८ मध्ये छोट्या ब्रेझाला पाचपैकी ४ आणि त्या डिसेंबरपासूनच्या नेक्सॉनला ५. पत्र्याच्या जाडीवर टकटक करून सेफ्टी ठरवणाऱ्या तमाम भाऊजींसाठी ही माहिती.

वयाचंही बघा. आमच्या बजेटात एक्सयूव्ही ५०० येते ती साधारण २०१३-१४ ची. १५ वर्षं भरली की पुन्हा पासिंग, फिटनेस, वर पर्यावरण कर. म्हणजे २०१३ ची घेतली तर २०२८ ला पेठ रोडच्या आरटीओत रांगेत मीच उभी. त्यात टर्बो, क्लच, सस्पेन्शन यातलं एक जरी निघालं तरी बिल मोठ्या गाडीचंच येतं. गाडी स्वस्तात घेतली म्हणून पार्ट स्वस्त मिळत नाही. बरं, २०२० नंतरची, धुराच्या नव्या नियमातली (बीएस-६) डिझेल घ्यावी, तर तिच्या सायलेन्सरमधल्या डीपीएफला, म्हणजे काजळी अडवणाऱ्या फिल्टरला, अधूनमधून हायवेवर सलग पळवावं लागतं. सिडको-अंबड करून तो चोंदतोच. रनिंग कमी असेल तर डिझेल कशाला, हे कुणी समजावून सांगेल का?

आता बघितलेल्या गाड्यांबद्दल. जाहिरातीत प्रत्येक गाडी डॉक्टरची. नाशकात इतके डॉक्टर असतील असं मला आजवर वाटलं नव्हतं. अशीच एक 'डॉक्टरांची' बघायला गेलो. पॉलिश असं की तोंड दिसावं. मी डिकीतली मॅट उचलली. खाली कोपऱ्यात वाळलेली कांद्याची सालं, पत्र्यावर क्रेट घासल्याचे ओरखडे, आणि गाडी मागून किंचित बसलेली. डॉक्टर निफाडकडे प्रॅक्टिस करत असावेत. कांदे वाहणं पाप नाही, शेतकऱ्याची गाडी उलट नीट सर्व्हिस केलेली असू शकते. पण मग तसं सांगा आणि भाव तसा लावा.

दुसरी कोल्हापूरकडची. तिथे २०१९ आणि २०२१ ला महापूर येऊन गेला, त्यामुळे मी आधी सीटबेल्ट ओढला, अगदी शेवटपर्यंत. बाहेर दिसणारा पट्टा स्वच्छ, आत गुंडाळलेला शेवटचा हातभर भाग मातकट, कडक. सीट कव्हर नवीन, परफ्यूम भरपूर. एजंट म्हणाला, "मॅडम, धूळ आहे ती." मी काही न बोलता दार लावून घेतलं. हे मात्र अजून इंजिनाचा आवाजच ऐकत होते.

तिसरा प्रकार दिल्ली पासिंगचा. तिकडे १० वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून त्या इकडे स्वस्तात दिसतात. पण एनओसी, इथला रोड टॅक्स, नवीन नंबर हे सगळं धरल्यावर स्वस्ताई उरते किती ते कागदावर मांडा. १२ महिन्यांच्या पुढे गाडी इथे ठेवायची तर इथली नोंदणी करावीच लागते.

कागदांचं मी फार बोलत नाही, एवढंच. नाव बदलायच्या फॉर्म २९, ३० वर सह्या आणि लोन असेल तर बँकेची एनओसी व बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. मीटर ४० हजार दाखवतंय आणि टायर दुसऱ्यांदा बदललेत, तर मीटर मागे फिरवलंय का ते विचारा. आणि तुम्ही विकणारे असाल तर नाव बदलून होईपर्यंत झोपू नका. अपघात झाला तर नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय.

किमतीबद्दल अजून एक. सप्टेंबर २०२५ मध्ये ४ मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. नवी स्वस्त झाली तर जुनीही व्हायला हवी ना? पण बरेच विकणारे अजून जुन्याच आकड्याला चिकटून बसलेत. नव्या गाडीचं कोटेशन खिशात घेऊन जा आणि समोर ठेवा, सूर लगेच उतरतो.

मी २०१९ ची पेट्रोल नेक्सॉन हेरून ठेवली आहे. नाशिकचंच पासिंग (एमएच १५), एकच मालक, सर्व्हिसची सगळी बिलं फाइलला लावलेली, फक्त मागच्या बंपरला पोचा. पोच्याचे वीसेक हजार कमी करून घ्यायचा विचार आहे. पाच जण बसतात, आम्ही चौघं. भाऊजींना स्कॉर्पिओच हवी असेल तर त्यांनी खुशाल स्वतःच्या नावावर घ्यावी. गडावर जायच्या दिवशी डबा मी करून देईन.